नांव लिहून घेणें : अमेरिकेंतील सक्तीच्या सैन्यनोंदीचीं पत्रकें व त्यांचा अर्थ

जुन्या कागदांच्या संग्राहकास रुमाल सोडतांना एखादें पत्र सांपडलें तर आनंद होतो, महजर निघाला तर अधिक होतो, आणि सनद निघाली तर विचारावयासच नको. परंतु त्याच रुमालांतून नुसत्या नांवांची यादी निघाली, तर ती बाजूस ठेवून पुढचा कागद उलगडण्याकडे त्याची प्रवृत्ति होते. यादींत मजकूर नसतो, तंटा नसतो, बहुधा शिक्काही नसतो. आम्हीही पुष्कळ वर्षें याच समजुतींत होतों.

आमचें मत पालटलें तें दप्तरखान्यांत नव्हे, शाळेंत. जून महिन्यांत मुलास घेऊन येणाऱ्या बापास जन्मतारीख विचारली असतां ‘तुम्हीच घाला, गुरुजी’ असें उत्तर अनेकदां मिळे. आणि इतर शिक्षकांप्रमाणेंच आम्हीही १ जून ही तारीख घालून मोकळे होत असूं. त्या वेळीं ती एक रकाना भरण्याची सोय वाटे. परंतु पुढें त्या मुलाचें परीक्षेचें वय, नोकरीचें वय व निवृत्तिवेतनाचा दिवस हीं सर्व त्या एका ओळीनें ठरलेलीं आम्हीं पाहिलीं. नोंद करणाऱ्यास नोंद लहान वाटते. ज्याची नोंद होते त्यास ती जन्मभर पुरते.

शाळेच्या बाबतींत जर असें, तर राज्यसत्ता जेव्हां तरुणाचें नांव लढाईच्या कामासाठीं लिहून घेते, तेव्हां त्या लिहिण्याचा अर्थ काय? हा प्रश्न प्रस्तुत लेखाचा विषय आहे. त्यासाठीं आम्हीं अमेरिकेच्या संयुक्त संस्थानांचें उदाहरण घेतलें आहे. त्या देशांत नोंद व भरती या दोन क्रिया कायद्यानेंच एकमेकींपासून वेगळ्या ठेवल्या गेल्या. नोंदीचीं मूळ पत्रकें कोट्यवधींच्या संख्येनें तेथील राष्ट्रीय अभिलेखागारांत जतन झालीं. आणि त्या नोंदीवरून जे वाद झाले त्यांचे निर्णय सर्वोच्च न्यायालयाच्या दप्तरांत आहेत. अभ्यासकास याहून भरपूर साधन क्वचितच मिळतें.

१. आपल्याकडील जुन्या याद्या

प्रथम आपल्या परिचयाच्या कागदांकडे पाहूं, म्हणजे तुलनेस आधार मिळेल. कौटिलीय अर्थशास्त्राच्या दुसऱ्या अधिकरणांत समाहर्त्याच्या कामाचें वर्णन आहे. तेथें गांवांची वर्गवारी सांगितली आहे. कांहीं गांवें करमुक्त, कांहीं धान्य, पशु किंवा हिरण्य देणारीं, कांहीं ‘आयुधीय’ म्हणजे सैनिक पुरविणारीं, व कांहीं ‘विष्टि’ देणारीं. आपला ‘वेठ’ हा शब्द या ‘विष्टि’चाच वंशज होय. या वर्गवारींतील दोन गोष्टी ध्यानांत ठेवण्यासारख्या आहेत. सैनिक देणें व वेठ देणें हीं एकच गोष्ट मानलेली नाहीं. आणि सैनिक देण्याचें दायित्व गांवाच्या माथीं आहे, अमुकाचा मुलगा अमुक याच्या माथीं नाहीं.

दुसरें उदाहरण मोगलाईंतील ‘दाग’ व ‘चेहरा’ यांचें. अकबराच्या कारकीर्दींत ही पद्धति दृढ झाली. घोड्यास डाग देत, व स्वाराचें वर्णन कागदावर लिहीत. नांव, बापाचें नांव, जात, ठिकाण, वर्ण, कपाळ, भुंवया, डोळे, नाक, अंगावरील तीळ व व्रण इतका तपशील चेहऱ्यांत येई. आपल्याकडे किल्ल्यावरील सबनीस हजिरी ठेवी, तींतही हाच हेतु. मनसबदारानें पांचशें स्वारांचा पगार उचलावा व तीनशें उभे करावे, किंवा पाहणीच्या दिवशीं भाड्याचीं घोडीं दाखवावीं, असे प्रकार चालत. त्यांस आळा घालण्यासाठीं हा कागद.

म्हणजे चेहरा लिहिला जातो तो चाकरीस आलेल्या माणसाचा. त्यास घरून आणण्यासाठीं तो लिहीत नाहींत. त्या कागदाला संशय आहे तो सरदाराचा, शिपायाचा नव्हे. हा भेद लक्षांत घेतला म्हणजे पुढील हकीकतीचें नवेपण कळून येईल.

२. घरोघर फिरणारा कारकून : १८६३

अमेरिकेंत यादवी युद्ध सुरू झाल्यावर दोन वर्षांनीं, ता. ३ मार्च १८६३ रोजीं, उत्तरेकडील सरकारनें नोंदीचा कायदा केला. २० ते ४५ वर्षांच्या पुरुषांचीं नांवें लिहून घ्यावयाचीं, व जेथें स्वयंसेवक कमी पडतील तेथें त्या नांवांतून सोडत काढावयाची, अशी योजना होती. नांवें लिहिण्यासाठीं सैन्याच्या अंमलदारांचे नोकर घरोघर फिरत. ज्याचें नांव सोडतींत निघेल त्यास आपल्याऐवजीं दुसरा माणूस देण्याची मुभा होती. अथवा ३०० डॉलर भरून त्या सोडतीपुरतें मोकळें होतां येई. ही रक्कम मजुराच्या जवळजवळ वर्षाच्या कमाईइतकी होती.

परिणाम व्हावयाचा तो झाला. दारीं आलेल्या कारकुनास ठिकठिकाणीं मारहाण झाली. ता. १३ जुलै १८६३ रोजीं न्यूयॉर्क शहरांत दंगा उसळला व तो चार दिवस चालला. शंभरांहून अधिक माणसें मेलीं. जमावानें सोडतीची कचेरी जाळली. पण तेवढ्यावर तो थांबला नाहीं. ज्यांचा त्या कायद्याशीं कांहीं संबंध नव्हता अशा कृष्णवर्णी रहिवाशांस त्यानें शोधून शोधून मारिलें, व त्यांच्या अनाथ मुलांचा आश्रम जाळून टाकिला. श्रीमंतावरचा राग दुबळ्यावर निघाला, हा नेहमींचाच अनुभव.

या कायद्याखालीं सुमारें ७ लक्ष ७६ हजार नांवें सोडतींत निघालीं. त्यांपैकीं प्रत्यक्ष स्वतः चाकरीस गेलेले सुमारें ४६ हजार. म्हणजे दर सतरा नांवांमागें एक माणूस! बाकीच्यांत कोणी हजरच झाले नाहींत, कोणास शारीरिक कारणानें सूट मिळाली, कोणीं पैसे भरले, कोणीं माणूस दिला. नुसत्या यादीवरून ‘एवढें सैन्य उभें राहिलें’ असें अनुमान करणाऱ्या इतिहासकारानें हा आंकडा जवळ बाळगावा.

युद्ध संपल्यावर इलिनॉय प्रांतांतील या खात्याचे प्रमुख जेम्स ओक्स यांनीं एक अहवाल लिहिला. त्यांतील मुख्य सूचना अशी कीं, सरकारनें नांवासाठीं नागरिकाच्या दारीं जाऊं नये. नागरिकानेंच ठरल्या ठिकाणीं येऊन आपलें नांव द्यावें, असा नियम करावा. हा अहवाल दप्तरांत पडून राहिला व पन्नासांहून अधिक वर्षांनीं कामास आला. आमच्या वाचकांपैकीं ज्यांनीं दुर्लक्षित कागद जतन करण्यांत आयुष्य वेंचलें आहे, त्यांस यांत समाधान वाटावें. अर्थात् तो कागद कोणत्या कामीं आला हा प्रश्न निराळा.

३. आपल्या पायांनीं येणें : १९१७

ता. ६ एप्रिल १९१७ रोजीं अमेरिका पहिल्या महायुद्धांत उतरली, व १८ मे रोजीं सैन्यनिवडीचा कायदा संमत झाला. या खात्याचे प्रमुख एनॉक क्राउडर यांनीं ओक्स यांचा जुना अहवाल पाहून त्यावरच नवी पद्धति रचली. पैसे भरून सुटण्याची व ऐवजी माणूस देण्याची सवलत बंद झाली. ता. ५ जून १९१७ हा नोंदीचा दिवस ठरला. २१ ते ३० वर्षें वयाच्या प्रत्येक पुरुषानें सकाळीं ७ पासून रात्रीं ९ पर्यंत आपल्या भागांतील नेहमींच्या मतदानाच्या ठिकाणीं जाऊन नांव द्यावें; न दिल्यास एक वर्षापर्यंत कैद. नांव लिहून घेणारे गणवेषांतील शिपाई नव्हते. तेथलेच ओळखीचे नागरिक होते.

मतदानाचीच जागा निवडली यांत मोठें धोरण होतें. ज्या खोलींत मनुष्य राज्यास आपलें मत देतो, त्याच खोलींत तो आपला देह देण्याची तयारी लिहून देतो, असें रूप त्या क्रियेस आलें. ही अनिच्छुकांवरील सक्ती नसून समग्र राष्ट्रानें एकवटून पुढें केलेल्या माणसांतून केलेली निवड आहे, अशा आशयाचें स्पष्टीकरण अध्यक्ष विल्सन यांनीं आपल्या जाहीरनाम्यांत केलें. त्या एका दिवसांत सुमारें एक कोटी पुरुषांनीं नांवें दिलीं. पुढें ता. ५ जून १९१८ रोजीं, त्याच वर्षाच्या ऑगस्टांत, व ता. १२ सप्टेंबर १९१८ रोजीं नव्या वयांच्या नोंदी झाल्या. शेवटच्या नोंदींत मर्यादा १८ ते ४५ पर्यंत वाढविली होती. एकूण सुमारें २ कोटी ४० लक्ष नांवें लिहिलीं गेलीं, व त्यांतून सुमारें २८ लक्ष माणसें सैन्यांत घेतलीं गेलीं. परदेशच्या प्रजाजनांसही नांव द्यावें लागे, जरी त्यांतील पुष्कळांस कायद्यानें बोलावितां येत नसे. नोंद ही भरतीहून किती व्यापक गोष्ट आहे, हें यावरून दिसतें.

कोणास आधीं बोलवावें हें सोडतीनें ठरलें. प्रत्येक स्थानिक मंडळानें आपल्याकडील पत्रकांस क्रमांक दिले होते. ता. २० जुलै १९१७ रोजीं राजधानींत कांचेच्या पात्रांतून चिठ्ठ्या काढण्यांत आल्या. युद्धमंत्री न्यूटन बेकर यांनीं डोळे बांधून पहिली चिठ्ठी काढली. तीवर २५८ हा आंकडा होता. देशांतील ज्या ज्या मंडळाकडे तितकीं नांवें होतीं, तेथील २५८ क्रमांकाचा मनुष्य त्या क्षणीं पहिला ठरला.

४. पत्रकाचें वाचन

आतां प्रत्यक्ष कागद पाहूं. पहिल्या नोंदीच्या पत्रकावर १२ प्रश्न आहेत, दुसऱ्याच्या १०, व तिसऱ्याच्या २०. तारीख वाचतां आली नाहीं तरी एवढ्यावरूनही पत्रक कोणत्या नोंदीचें हें ओळखतां येतें. पहिल्या पत्रकावर नांव, वय, पत्ता, जन्मतारीख, नागरिकत्व, जन्मस्थान, धंदा, मालक, अवलंबून असलेलीं माणसें, विवाह, वंश, पूर्वींची सैनिकी चाकरी, व सूट मागतां काय आणि कां, इतकें विचारलें आहे. शेवटीं सही. मागील बाजूस नोंद करणाऱ्यानें त्या माणसाची उंची, बांधा, डोळ्यांचा व केसांचा रंग, टक्कल आहे काय, हात, पाय, डोळा वगैरे गमावला आहे काय, हें लिहावयाचें.

मागील बाजू वाचतांना आम्हांस मोगली चेहऱ्याची आठवण झाली. कपाळ, भुंवया, तीळ यांच्या जागीं उंची, बांधा व केस आले, एवढाच फरक प्रथमदर्शनीं दिसतो. परंतु चेहरा सरदाराच्या लबाडीवर नजर ठेवण्यासाठीं होता. येथें मध्यें सरदार नाहीं. राज्य व मनुष्य हे समोरासमोर आहेत, आणि वर्णन लिहून ठेविलें आहे तें, उद्यां हा आला नाहीं तर ओळखतां यावा, म्हणून. ज्यानें अद्यापि पगार घेतला नाहीं, शस्त्र धरलें नाहीं, अपराध केला नाहीं, त्याची ओळख आधींच लिहून ठेवणें हें या कागदाचें नवेपण होय.

याच पत्रकाच्या एका कोपऱ्यावर एक छापील सूचना आहे. मनुष्य आफ्रिकी वंशाचा असेल तर हा कोपरा फाडून टाकावा, असा तिचा आशय. त्या वेळीं गोऱ्यांच्या व कृष्णवर्णीयांच्या पलटणी वेगळ्या असत, व बोलावणींही वेगळीं जात. गठ्ठ्यांतून पत्रकें चटकन् निवडतां यावीं म्हणून ही युक्ति. संग्राहकांस आमची विनंती आहे कीं, असें पत्रक पाहण्यांत आल्यास कोपरा जीर्ण होऊन गळाला असें समजून तो जोडण्याच्या भरीस पडूं नये. कसर, ओल, उंदीर हे ज्याचे कारण नव्हेत असेंही एक छिन्नत्व कागदास असतें, आणि तोच त्या कागदाचा मुख्य मजकूर असतो. सर्वांस एका नियमानें बांधणारा म्हणून ज्या नोंदीचा गौरव झाला, तिच्या सरसकट समतेची मर्यादा त्या फाटलेल्या कोपऱ्यांत दिसते. असे सुमारें ३ लक्ष ६७ हजार पुरुष त्या युद्धांत सैन्यांत घेतले गेले. ज्या राज्यानें त्यांचें नांव इतक्या काळजीनें लिहून घेतलें, त्याच राज्याच्या दक्षिणेकडील प्रांतांत त्यांतील बहुतेकांस मतदानाच्या त्याच खोलींत मत देतां येत नसे.

उलटपक्षीं, हेंही मान्य केलें पाहिजे कीं, या पत्रकांत शेवटचा प्रश्न आहे. तुम्हांस सूट हवी काय, आणि कां? वृद्ध आई, लहान मुलें, आजार, धर्मबुद्धि जें असेल तें मनुष्यानें सांगावें, व स्थानिक मंडळानें त्याचा निर्णय करावा. १८६३ सालीं ३०० डॉलर हेंच उत्तर होतें. १९१७ सालीं कारण हें उत्तर झालें. मात्र या रकान्यांत कांहीं लिहिलेलें आढळल्यास तो मनुष्य भ्याड, व रिकामा आढळल्यास तो शूर, असा अर्थ काढणें चूक होय. सही शिक्षेच्या भयाखालीं झालेली आहे. तिच्यावरून हजेरी सिद्ध होते, मनोगत सिद्ध होत नाहीं.

५. वेठ कीं धर्म?

हा कायदा न्यायालयापुढें गेला. यादवी युद्धानंतर १८६५ सालीं झालेल्या घटनादुरुस्तीनें अमेरिकेंत गुलामगिरी व अनिच्छेची चाकरी बंद केली होती. मग सक्तीची सैनिकी चाकरी ही अनिच्छेची चाकरी नव्हे काय? आपल्या भाषेंत सांगावयाचें तर, ही ‘विष्टि’ कीं ‘आयुधीया’चें कर्तव्य? ता. ७ जानेवारी १९१८ रोजीं सर्वोच्च न्यायालयानें एकमतानें निर्णय दिला कीं, राष्ट्राच्या रक्षणाचें श्रेष्ठ कर्तव्य नागरिकाकडून करवून घेणें यास गुलामगिरी म्हणतां येणार नाहीं. अर्थशास्त्रानें जो भेद गांवांच्या वर्गवारींत केला, तोच येथें व्यक्तीच्या बाबतींत झाला. फरक इतकाच कीं, अर्थशास्त्रांतील गांवास सैनिक देण्याच्या मोबदल्यांत इतर कर माफ होता.

परंतु केवळ नोंदीचा अर्थ काय, हें न्यायालयाच्या निकालापेक्षां १९४० सालच्या एका प्रसंगानें अधिक स्पष्ट होतें. त्या वर्षीं ता. १६ सप्टेंबर रोजीं नवा कायदा झाला. अमेरिका अद्यापि युद्धांत नव्हती. शांततेच्या काळांतील सक्तीची ही तेथील पहिलीच नोंद. ता. १६ ऑक्टोबर रोजीं २१ ते ३५ वर्षांच्या सुमारें १ कोटी ६० लक्ष पुरुषांनीं नांवें दिलीं. त्याच दिवशीं न्यूयॉर्क येथील युनियन थिऑलॉजिकल सेमिनरी या धर्मशिक्षणाच्या संस्थेंतील आठ विद्यार्थ्यांनीं नांव देण्याचें नाकारिलें. डेव्हिड डेलिंजर व जॉर्ज हाउझर हे त्यांपैकीं होत.

येथें विशेष हा कीं, धर्मोपदेशक होऊं घातलेल्या विद्यार्थ्यांस कायद्यानेंच चाकरींतून सूट होती. त्यांनीं मुकाट्यानें पत्रक भरलें असतें, तर त्यांस कोणी बोलाविलें नसतें; शाळा सुटली नसती, बंदूक हातीं आली नसती. त्यांस नको होती ती चाकरी नव्हे, कारण ती त्यांच्या वांट्यास येणारच नव्हती. त्यांस नको होतें तें नांव लिहून देणें. नांव दिलें म्हणजे हें मागण्याचा अधिकार राज्यास आहे असें आपण कबूल केलें, आणि ज्यास सूट नाहीं त्या शेजाऱ्याच्या बोलावण्यासही आपली संमति दिली, असा त्यांचा विचार होता. त्यांस एक वर्ष एक दिवसाची कैद झाली.

त्यांचें करणें योग्य होतें कीं नाहीं याविषयीं आमचें मत निश्चित झालेलें नाहीं. त्या वेळीं युरोपांत काय चाललें होतें तें आठवलें म्हणजे मन द्विधा होतें. दीड कोटीहून अधिक तरुणांनीं त्या दिवशीं नांवें दिलीं, त्यांतील अनेक पुढें त्या संकटाच्या निवारणार्थ मेले, हेंही विसरतां येत नाहीं. परंतु नोंद ही केवळ कारकुनी बाब आहे, हें म्हणणें या प्रसंगानंतर टिकत नाहीं. राज्यानेंही तें मानलें नाहीं. मानलें असतें तर सुटलेल्या माणसाच्या न लिहिलेल्या नांवासाठीं त्यानें कैद दिली नसती.

६. जाळलेला दाखला व न मागतां झालेली नोंद

नांव दिलेल्या माणसास एक दाखला मिळे, व तो जवळ बाळगावा लागे. व्हिएतनामच्या युद्धाच्या काळांत कांहीं तरुणांनीं हे दाखले जाहीरपणें जाळण्यास आरंभ केला, तेव्हां १९६५ सालीं बुद्धिपुरस्सर दाखला नष्ट करणें हा गुन्हा ठरला. ता. ३१ मार्च १९६६ रोजीं डेव्हिड ओब्रायन या तरुणानें दक्षिण बॉस्टनच्या न्यायालयाच्या पायऱ्यांवर आपला दाखला जाळला. १९६८ सालीं सर्वोच्च न्यायालयानें त्याच्याविरुद्ध निकाल दिला. न्यायालयाचें म्हणणें असें कीं, दाखल्यानें नोंद झाल्याचा पुरावा राहतो, पत्ता बदलल्यास कळविण्याची आठवण राहते, मनुष्याशीं पत्रव्यवहार सुलभ होतो. तेव्हां हा कामाचा कागद आहे व तो राखला पाहिजे. तरुणानें कागदांत राज्याचा हक्क पाहिला. न्यायालयानें त्याच कागदांत दप्तराची सोय पाहिली. कागद जपणें हाच ज्यांचा धर्म, त्या आम्हां लोकांस या वादांत कोणाची बाजू घ्यावी हें सहज ठरत नाहीं.

१९७३ सालीं सक्तीची भरती थांबली. १९७५ सालीं अध्यक्ष फोर्ड यांनीं नोंदही थांबविली. पांच वर्षांनीं, सोव्हिएत सैन्य अफगाणिस्तानांत शिरल्यावर, अध्यक्ष कार्टर यांनीं ता. २ जुलै १९८० च्या जाहीरनाम्यानें ती पुन्हां सुरू केली. १९६० सालीं व पुढें जन्मलेल्या पुरुषांनीं टपालकचेरींत नांव द्यावें, असा हुकूम झाला. स्त्रियांस यांतून वगळणें घटनेस धरून आहे, असा निर्णय १९८१ सालीं सहा विरुद्ध तीन मतांनीं झाला. नोंदीचा हेतु लढणारें सैन्य उभारण्याचा, व स्त्रियांस त्या काळीं प्रत्यक्ष लढाईंत घेत नसत, असें कारण दिलें गेलें.

१९७३ नंतर त्या देशांत कोणासही सक्तीनें सैन्यांत घेतलेलें नाहीं, तरी नांवें मात्र लिहिलीं जात राहिलीं. १९८२ पासून कित्येक वर्षें नोंद नसलेल्या विद्यार्थ्यास सरकारी शिक्षणसाहाय्य मिळत नसे. पुढें अनेक राज्यांत वाहन चालविण्याच्या परवान्याच्या अर्जाबरोबरच नोंद होऊं लागली. २०२५ च्या डिसेंबरांत संमत झालेल्या संरक्षणविषयक कायद्यानें तर, सरकारपाशीं असलेल्या माहितीवरूनच ही नोंद आपोआप करण्याची तरतूद केली.

हा बदल कारकुनाच्या दृष्टीनें सोयीचा आहे. कोणी विसरणार नाहीं, अज्ञानानें अपराधी ठरणार नाहीं. परंतु ओक्स यांच्या अहवालापासून चालत आलेला जो गाभा, म्हणजे मनुष्यानें स्वतः येणें, विचारलेल्यास उत्तर देणें व सही करणें, तो यांत नाहींसा होतो. १८६३ चा कारकून दारीं येई, तेव्हां दार लावून घेतां येत होतें. १९१७ च्या खोलींत न जाणें शक्य होतें, व त्याची शिक्षा भोगणेंही शक्य होतें. आपोआप होणाऱ्या नोंदीस होकारही नको व नकारही नको. पुढील शतकांतल्या संशोधकास या नव्या यादींत नांवें सगळीं सांपडतील. माणसाचा हात कोठें सांपडणार नाहीं.

७. आपल्या देशासंबंधीं

याच १९१७ सालीं हिंदुस्थानांतही सक्तीची नोंद झाली होती, ही गोष्ट आज फारशी कोणाच्या स्मरणांत नाहीं. ती सक्ती होती राज्यकर्त्यांच्या जातीवर. ब्रिटिश हिंदुस्थानांत राहणाऱ्या १६ ते ५० वर्षांच्या युरोपीय ब्रिटिश प्रजाजनांस नांव देणें भाग पडलें, व हिंदी संरक्षण दलाच्या कायद्यानें त्यांच्यावर चाकरीचें बंधन आलें. हिंदी लोकांस त्या दलांत ऐच्छिक प्रवेश ठेविला होता. लोकमान्य टिळकांनीं पुण्यांत तरुणांस नांवें देण्याचा आग्रह केला. संरक्षणाचा भार उचलल्यावांचून स्वराज्याचा हक्क सांगतां येत नाहीं, ही त्यांची भूमिका. एकाच कायद्यांत राज्यकर्त्यास सक्ती व प्रजेस मुभा, हें वरकरणीं प्रजेच्या सोयीचें दिसतें. वस्तुतः ज्याचें राज्य त्याचेंच नांव लिहिण्याजोगें, असा त्याचा अर्थ होता.

आणि जेथें नांवाची यादी नाहीं तेथें सक्ती नाहीं, असेंही नव्हे. त्याच युद्धांत पंजाबांत जिल्ह्याजिल्ह्यांस माणसांचे आंकडे नेमून दिले गेले, व ते भरण्यासाठीं गांवच्या अधिकाऱ्यांकरवीं जुलूम झाले. महात्मा गांधी, चित्तरंजन दास, अब्बास तय्यबजी व मुंबईचे बॅरिस्टर मुकुंदराव जयकर यांच्या चौकशी समितीचा जो अहवाल १९२० सालीं प्रसिद्ध झाला, त्यांत त्याची दखल घेतली आहे. कायद्याच्या भाषेंत ती भरती ऐच्छिक होती. म्हणूनच तेथें सूट मागण्याचा रकाना नव्हता, निर्णय देणारें मंडळ नव्हतें, दाद मागण्यास कागद नव्हता. लिहिलेली सक्ती कठोर खरी. पण न लिहिलेली सक्ती हीच खरी वेठ होय.

स्वतंत्र भारतानें सक्तीची सैन्यनोंद केलेली नाहीं. तथापि आपल्या घटनेच्या २३ व्या अनुच्छेदांत एका खंडानें वेठबिगार बंद केली आहे, व लगेच दुसऱ्या खंडानें सार्वजनिक कार्यासाठीं सक्तीची सेवा लावण्याचा अधिकार राज्यास राखून ठेविला आहे; मात्र ती लावतांना केवळ धर्म, वंश, जात किंवा वर्ग यांवरून भेद करूं नये असें बंधन घातलें आहे. म्हणजे विष्टि निराळी व आयुधीयाचें कर्तव्य निराळें, हा जुना भेद आपल्याही घटनेंत आहे, आणि कोपरा फाडण्यास मनाई आहे.

असो. आमचा निष्कर्ष थोडक्यांत असा. सैन्यनोंद ही भरती नव्हे, तिची पूर्वतयारीही केवळ नव्हे. राज्यानें माणसावर सांगितलेला हक्क माणसाच्याच हातून लिहवून घेणें, हा तिचा अर्थ; आणि म्हणूनच ती देण्यांत व नाकारण्यांत, दोहोंतही, माणसें मोठी किंमत देत आलीं. अशी कोणतीही यादी हातीं आल्यास ती कोणीं लिहिली, कोणाच्या समोर लिहिली, तिला संशय कोणाचा होता, आणि ज्याचें नांव लिहिलें त्यास बोलण्यास रकाना ठेविला होता काय, हे चार प्रश्न तिला विचारावे. आमच्या शाळेच्या जुन्या नोंदवहींत १ जून रोजीं जन्मलेलीं किती मुलें आहेत हें आम्हीं कधीं मोजलें नाहीं. पण त्यांतील एकासही ‘ही तारीख तुला चालेल काय’ असें आम्हीं विचारलें नव्हतें, हें मात्र पक्कें आठवतें.